जणू की जनू

जनू म्हात्रे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होता. स्टोअरकीपरला सुट्टी मिळाली तरी ती नावापुरतीच. कंपनीतला माल मोजायचा नसला की तो माणसं मोजतो. कोण काय घेऊन आला, जाताना काय कमी करून गेला, हे जनूच्या डोक्यात आपोआप चढायचं. त्याच्या मते पेणच्या दोन दोस्तांपैकी हर्षदकडे मतांचा साठा कायम भरपूर आणि खप कमी. निशिगंधाकडे मतं मोजकी, पण एखादं एकदा बाहेर पडलं की परत घ्यायची पद्धत नाही. आणि जनूच्या स्वतःकडे एकच नग वर्षानुवर्षं पडून होता, ज्याची नोंद कुठे करावी हे त्याला ठरवता आलेलं नव्हतं. थोरला भाऊ हरेश. त्याला असलेल्यांत धरायचा की गेलेल्यांत?

या वर्षी ते ठरवणं भाग होतं. आई, चंद्रावती, पहिल्यांदाच म्हणाली होती, "सर्वपित्रीला हरेशचं पान मांडू म्हनतोस तर मांडू. पन सांगनार तू. मी नाय सांगनार." सर्वपित्री पुढच्या रविवारी होती, आणि भटजींना निरोप आधी द्यायला हवा होता. म्हणून या रविवारी जनू रोह्याहून निघाला, तो संध्याकाळी गावी आईकडे जाऊन होय-नाय सांगायचं ठरवून. मधे पेणला उतरला. का उतरला? तर वाद घालायला. माणूस ठरवायची वेळ आली की असाच वाटेत उतरतो.

निशिगंधाचा कारखाना म्हणजे गणपतींचा. पेणमध्ये कारखाना म्हटलं की दुसरं काही डोळ्यांपुढे येत नाही. बाप्पा गावोगाव जाऊन बुडूनही झाले होते. मांडण्या रिकाम्या होत्या. कोपऱ्यात न खपलेल्या चार-दोन मूर्ती तेवढ्या उरल्या होत्या. रंग झालेला, सोंडेवर नक्षी झालेली, फक्त डोळ्यांची आखणी राहिलेली. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय निशिगंधा डोळे आखत नसे. म्हणायची, "डोळे आखले की तो बघायला लागतो. मग त्याला इथं कोपऱ्यात कसा बसवून ठेवू?"

त्या बिनडोळ्यांच्या बाप्पांसमोर ही तीन चाळिशी उलटलेली माणसं 'उघाडी'वरून भांडत होती.

उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. ओहोटीला त्यातून शेतातलं पाणी खाडीत जातं, आणि भरती आली की झडप मिटते, खारं पाणी आत येत नाही. पेणच्या कॉलेजातल्या चार पोरांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी रॉक बँड काढला तेव्हा हे नाव ठेवलं. पुण्याच्या पोरांना वाटलं, नाव चावट आहे, आणि त्या गैरसमजावर पहिली कॅसेट हातोहात गेली. बँड अजून चालू होता. पहिल्या चार अल्बमांबद्दल वाद नव्हता, ते केव्हाच देव्हाऱ्यात बसले होते. वाद होता तो नंतरच्या तिन्हींचा: 'भांग', 'निवळ' आणि या गणपतीत आलेला 'बांधाबाहेर'.

"'भांग'," हर्षद म्हणाला. "बस. विषय संपला." हर्षदचं रामवाडीला हायवेलगत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट सुटी करून बघायची त्याला सवय.

"चौथ्यानंतर बँड मेला, असं पंधरा वर्षं ओरडत होता तो कोण होता?" निशिगंधानं विचारलं.

"माणूस पिकतो."

"माणूस नाही, केस पिकले तुझे. माणूस हिरवाच आहे."

"तू ऐक तरी. भांग म्हणजे काय? अष्टमीची भरती. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. गाणी तशीच केलीत त्यांनी. कुठंच उधाण नाही. हिंमत लागते त्याला."

"पुण्याच्या पोरांना तेव्हा पण वाटलं गांजाबिंजाचं आहे," जनू म्हणाला.

"त्या पोरांचे बँडवर फार उपकार आहेत," निशिगंधा म्हणाली. "पण अल्बम 'निवळ'. त्याच्यापुढे काही नाही."

"निवळ! साबणानं धुतलेला अल्बम तो. हैबतरावला ड्रमला हात लावू दिला नाय, मशीन वाजतंय नुसतं."

"मशीन नाही ते. हैबतराव काठीनं पत्रा वाजवतोय. सुटे भाग विकून विकून कान पण सुटे झाले काय तुझे?"

"आणि नवा? अर्धा झोपेत केलाय."

"म्हातारपणात केलाय. म्हातारपणी माणूस हळू बोलतो, आणि तेव्हाच जरा ऐकण्यासारखं बोलतो. तुला कळायला अजून वेळ आहे."

जनू दोघांचं ऐकत होता आणि मनातल्या मनात जमा-खर्च मांडत होता. हर्षदला 'भांग' आवडतो कारण तो आला तेव्हा त्याचं दुकान नवं होतं. निशिगंधाला 'निवळ' आवडतो कारण त्या वर्षी तिनं बापाच्या हातून कारखाना घेतला. अल्बमावर बोलतोय असं म्हणत माणूस आपलंच वय मांडत असतो. मग आपण कशावर बोलतो? आपण तर बोलतच नाही.

"जणूवर या आता," हर्षद म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून बसला. म्हणजे भाषण होतं.

हा 'जणू' प्रकार चाहत्यांमध्ये गाजलेला होता. तिन्ही अल्बमांत शेवटून दुसऱ्या गाण्यात एक जागा येते. गिटार थांबते, ड्रम थांबतो, आणि त्या फटीत मागून कुणीतरी एकच शब्द म्हणतं. हर्षदनं त्यावर भलंमोठं लिहून नेटवर टाकलं होतं आणि वाहवा मिळवली होती. "पहिल्या चारांत बँड सगळं ठासून सांगायचा. नंतर वय झालं, कळलं की ठाम काहीच नसतं. सगळं जणू. म्हणून एकच शब्द, तीन वेळा. जणू. ही एका मोठ्या बँडची कबुली आहे."

"शब्द नाही रे तो," निशिगंधा म्हणाली. "उघाडीची झडप कुरकुरतेय. बँडचं नाव ते, आवाज तो."

"जणू नाय तो," जनू म्हणाला. "जनू हाय."

दोघं हसले. "तेच झालं ना बाबा!" हर्षद म्हणाला. "तुम्हा खाडीवाल्यांकडे ण आहे कुठे? पानी, लोनी, दाना आनि गोनी. तुला जनूच ऐकू येणार."

जनूही हसला. हसून सोडून देण्यासारखंच होतं ते. पण एक गोष्ट त्यानं या दोघांना कधी सांगितली नव्हती. बँडचा गायक पेणच्या मराठीच्या मास्तरांचा मुलगा. एवढ्या वर्षांत त्याचा ण एकदाही घसरलेला नव्हता. मग हा घसरलेला न कुणाचा? आणि त्या न नंतर शब्द संपत नव्हता. शेवटचा ऊ किंचित वर जाऊन लोंबकळत राहायचा, हाक मारणारा प्रश्न विचारतोय असा. जनूऽ? जेवलास काय? जनूऽ? येतोस काय?

तशी हाक एकच माणूस मारायचा.

हरेश मिठागरावर राखणीला होता. बँडची पोरं सुरुवातीला मिठाच्या कोठारात वाजवायची, ते हरेशच्या मेहेरबानीनं. पहिली कॅसेट जनूला त्यानंच आणून दिली. मग मोठ्या पावसाच्या वर्षी एका संध्याकाळी बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, आणि खाडी शेतात शिरायला लागली. घरात जेवणं चालू होती. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "हरेश!" हरेश घासासकट उठला, "ओ!" म्हणाला आणि गेला. खांड बुजवायला गावातली माणसं जमली होती. त्यांच्यात हरेश कुणाला दिसला नाही. आणि नंतर घरोघरी विचारलं तेव्हा असं निघालं, की हरेशला हाक कुणीच मारली नव्हती.

खाडीकाठी लहान पोरालाही एक गोष्ट शिकवतात. बाहेरून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाय. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. बांधावरचं जे असतं, ते एकदाच मारतं. हरेशला हे माहीत होतं. पण तोंडात घास होता, बांध फुटला होता, कोण मोजत बसतो? त्या दिवसापासून चंद्रावती मोजत बसली. तिला दुपारच्या उन्हात, समोर उभं राहून हाक मारली तरी ती पहिल्या दोन हाका जाऊ देते. जनूच्या बायकोनं, प्रणितानं, तिला एकदा विचारलं, "आई, तुम्हाला ऐकू कमी येतं काय?" तर म्हणाली, "नाय गो, जास्त येतं."

'भांग'मध्ये ती हाक दूर होती, खाडीच्या पल्याडून आल्यासारखी. 'निवळ'मध्ये बांधावर. आणि नव्या अल्बमात ती इतकी जवळ होती, की पहिल्यांदा ऐकताना जनूनं रोह्याच्या घरात कानातला इअरफोन काढून दाराकडे बघितलं होतं. तीन अल्बम, तीन हाका. स्टोअरकीपरच्या हिशेबानं बेरीज पुरी झाली होती. माणूस तीनदा हाक मारतो. मग ज्यानं तीनदा मारली, त्याचं पान पितरांत कसं मांडायचं?

"हैबतरावलाच विचारू ना," हर्षद म्हणाला. बँडचा ड्रमर हैबतराव आपली जुनी जीप घेऊन त्याच्या दुकानात यायचा, त्यामुळे नंबर होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि वाद सांगितला.

"कसला शब्द, कसलं जणू!" हैबतराव पलीकडून खोकत हसला. "झडप आहे ती. ह्या बाईचं बरोबर आहे. 'भांग'च्या वेळी बांधावर जाऊन एकदाच आवाज भरून आणला. पोतंभर भरला होता म्हण. त्यातलाच एक तुकडा तिन्हीकडे टाकलाय. शकुन म्हणून."

"तोच?" जनूनं विचारलं. "एकच?"

"एकच. हात लावलेला नाय त्याला."

"पण नव्यात तो जवळून येतो."

"मग खाडी जवळ आली असंल," हैबतराव म्हणाला आणि फोन ठेवला.

निशिगंधानं जिंकलेल्या माणसाचा चेहरा केला. हर्षदला ते सोसेना. "झडप कुठली ती? जनूच्या गावची ना? चल, आत्ता जाऊ. झडप वाजली तर 'निवळ' थोर, मी लिहून टाकतो. नाही वाजली तर 'भांग' आणि जणू. जनू, तुला तसंही घरीच जायचंय."

जनू गाडीत बसला, पण डोक्यातली बेरीज विस्कटली होती. एकच तुकडा तीन ठिकाणी. हा एक नग की तीन? कंपनीत असं झालं असतं, तर तीन नोंदी खोडून एकच ठेवली असती आणि कारकुनाला झापलं असतं. एकच हाक असेल तर तिचा अर्थ आई सांगते तो, बांधावरचं. पण एकच असेल, कुणी हात लावलेला नसेल, तर ती जवळ कशी येत होती?

वडखळ मागे पडलं. धरमतरकडे वळल्यावर खाडीचा वास काचा बंद असतानाही आत आला. बार्ज धक्क्याला लागलेले होते. गावाच्या अलीकडे हर्षदनं गाडी उभी केली आणि तिघं बांधावरून चालत निघाले. एका बाजूला भात पोटरीला आलेलं, दुसऱ्या बाजूला चिखल, त्यात खेकड्यांची बिळं, आणि पार पलीकडे पाण्याची पट्टी. अष्टमी होती. भांगाची भरती, पाणी चढत होतं की नुसतंच विचार करत होतं ते कळत नव्हतं.

उघाडी आली, आणि हर्षदनं टाळी वाजवली. "घ्या! झडप कुठाय?"

लाकडी झडप नव्हतीच. सिमेंटचं तोंड आणि त्याला लोखंडी पाळं, म्हणजे झडपेच्या जागी बसवलेलं दार, गंजून एका जागी घट्ट बसलेलं. निशिगंधानं पाळ्याला हात लावला, मग दोन्ही हातांनी हलवून बघितलं. ढिम्म. "हे कधी बसवलं रे?"

"त्या पावसानंतर," जनू म्हणाला. "खांड बुजवली तेव्हाच. लाकडी तेव्हाच वाहून गेली."

"म्हणजे 'भांग'च्या आधी." तिच्या आवाजातली मस्करी गेली होती. "मग हैबतरावनं भरून काय आणलं?"

"जणू!" हर्षद खूश होता. "मी म्हटलं नव्हतं? कबुली द्या बाई. 'भांग' थोर. बोला."

ती पाळ्याकडेच बघत राहिली. वारा पडलेला होता. बिळांच्या तोंडाशी बसलेले खेकडे, जे एवढा वेळ ये-जा करत होते, ते एकदम आत गेले. सगळे. कुणी चिखलावरून हात फिरवावा तसे.

मग ती हाक आली. 'बांधाबाहेर'मध्ये होती त्याहून जवळून. उघाडीच्या तोंडातून, पाळ्याच्या मागून. न अगदी स्वच्छ, आणि शेवटचा ऊ वर जाऊन लोंबकळलेला.

"परत लाव ना," हर्षद म्हणाला. "इथं काय भारी वाटतं ऐकायला."

"मी लावलंच नाही," निशिगंधा म्हणाली. तिचा फोन पर्समध्ये होता. पर्स गाडीत होती.

हर्षदनं आपल्या खिशातला फोन काढून बघितला. स्क्रीन काळी होती.

जनूला आईचा नियम आठवत होता. सगळा आठवत होता. त्यानं दुसऱ्या हाकेची वाट बघायला हवी होती. पण तो मनातल्या मनात म्हणत होता, की तीन झाल्यात, ही तर वरची. आणि मनाच्या तळाशी त्याला हेही कळत होतं, की हा हिशेब नाही, ही भूक आहे. वीस वर्षांत त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. येतोस काय?

"ओ," जनू म्हणाला.

मोठ्यानं नाही. समोरच्या खोलीतल्या माणसाला देतात तशी. पाण्याची पट्टी होती तिथंच होती. पाळं हललं नाही. एक खेकडा बिळातून वर आला, आणि मग बाकीचे आले.

"चला गो," जनू निशिगंधाला म्हणाला. "चला आता."

गाडीत कुणी भांडलं नाही. शेवटी हर्षदलाच राहवेना. त्यानं 'बांधाबाहेर' लावला आणि शेवटून दुसऱ्या गाण्यावर नेला. गिटार थांबली, ड्रम थांबला, फट आली आणि गेली. रिकामी. त्यानं पुन्हा लावलं. मग डॅशबोर्डातून 'भांग'ची जुनी सीडी काढली, तिच्यावर ओरखडे होते, पण वाजली. फट आली. तिथंही काही नव्हतं, नुसती खरखर.

"बदललंय कुणीतरी," हर्षद म्हणाला. "कंपनीवाले बदलतात हल्ली मागून."

"सीडीवरचं?" निशिगंधा म्हणाली.

जनूला हे ओळखीचं वाटत होतं. फळीवर वर्षानुवर्षं ठेवलेला माल एक दिवस जागेवर नसतो. हरवलेला नसतो. कुणीतरी सही करून बाहेर काढलेला असतो. आणि सही त्याचीच होती.

गावाच्या तोंडाशी त्याला उतरवून दोघं पेणला गेले. निशिगंधानं काच खाली करून हात केला.

चंद्रावतीचं घर शेवटचं, बांधाकडे तोंड करून. ऊन अजून होतं. जनूची सावली पुढे पडत होती, आणि त्यानं ठरवून फक्त आपल्याच सावलीकडे बघितलं. बाजूला बघितलं नाही. आई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. त्यानं अंगणाच्या कडेला उभं राहून हाक मारली.

"आये!"

तिनं वर बघितलं नाही. बोटं तांदळातच फिरत राहिली. हे नेहमीचं होतं.

"आये!"

बोटं थांबली. ती कान देऊन बसली, मान खाली घालून. जनूला काय सांगायचं होतं ते त्यानं वाटेत जुळवलं होतं. पान मांडायचं नाय. किंवा मांडायचं. दोन्ही वाक्यं तयार होती. घरी पोचेस्तोवर कुठलं तरी एक पुढे येईल असा त्याचा भरवसा होता. त्यानं तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

"आये?"

ती हाक त्याच्या मागून आली. अगदी पाठीशी. शेवटचा ए वर जाऊन लोंबकळला, प्रश्न विचारल्यासारखा.

"ओ," चंद्रावती म्हणाली. तिला नवल वाटलेलं नव्हतं. जेवायला उशीर केलेल्या पोराला द्यावी तशी ओ होती ती. तिनं सूप बाजूला ठेवलं, मान वर केली, आधी जनूकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून जरा मागे, जरा वर. हरेश जनूपेक्षा उंच होता.

बराच वेळ ती तशीच बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून उठली.

"भटजीला सांगून टाक, रविवारी येव नको म्हनून," ती म्हणाली. "आनि आदी पाय धुवा. चिखलातून आलाव. दोगं पन."

ती आत गेली. आत पाट मांडल्याचा आवाज आला, आणि जरा थांबून दुसरा.

जनू पिंपाशी गेला. मागे वळून बघितलं नाही. तांब्या बुडवून पायांवर पाणी घेतलं, चिखल निघाला. मग त्यानं तांब्या परत काठोकाठ भरला, आणि न बघता हात मागे नेऊन दगडावर ठेवला. खाडीकडून भांगाचं पाणी आता खरंच चढत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. जनूनं तेवढाच आवाज ऐकायचा ठरवला.

थोड्या वेळानं त्यानं तांब्या उचलला. तो हलका लागला.